धार लावण्याचे दगड व धारेचा कोन

चाकू, सुरी, वस्तरा, पटाशी, रंध्याचे पाते यांसारख्या कापणाऱ्या हत्यारांची बोथट झालेली कड अपघर्षक (घासून झिजविणाऱ्या) दगडावर घासून पुन्हा तीक्ष्ण करणे म्हणजे धार लावणे होय. मराठीत या क्रियेस निसणे व पाजळणे असेही शब्द असून ज्या दगडावर ती करतात त्यास निसणा किंवा सहाण आणि फिरत्या चाकास साण (सं. शाण) म्हणतात. पात्याचे दोन पृष्ठभाग जेथे एकमेकांस मिळतात ती रेषा म्हणजे धार. हे पृष्ठभाग परस्परांशी जो कोन करतात तो धारेचा कोन. पाते घासताना ते दगडाशी जितके कलते धरले जाते त्यावर हा कोन ठरतो.

धार लावण्याच्या कलेचा इतिहास बहुधा दगडांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम भरड वालुकाश्म, मग बारीक कणांचा पाटीचा दगड, त्यानंतर कृत्रिम अपघर्षके व शेवटी हिऱ्याच्या कणांचे पत्रे, असा तो क्रम असतो. हा क्रम चुकीचा नाही, पण त्यावरून कलेचे मर्म कळत नाही. बोथट पाते एकाच दगडावर क्वचितच पुरे होते. ते भरड दगडावरून मध्यम व तेथून बारीक दगडावर न्यावे लागते, आणि प्रत्येक दगडाची जाडी, उंची, झीज व ओलेपणा निराळा असतो. या सर्वांवर पाते एकाच कोनात कसे धरावे, हा कारागिरापुढचा खरा प्रश्न होता. निरनिराळ्या देशांतील व धंद्यांतील लोकांनी तो निरनिराळ्या रीतींनी सोडविला. काहींनी कोन पात्याच्या घडणीत, काहींनी दगडाच्या सपाटीत, काहींनी बसण्याच्या ढबीत, तर काहींनी एखाद्या साधनात बांधून टाकला.

या प्रश्नाचे भौमितिक स्वरूप साधे आहे. ४० मिमी. रुंदीचे पाते दगडाशी १५° कोनात धरले, तर त्याची पाठ दगडापासून सु. १० मिमी. उंच राहते, कोन २०° केला, तर ती उंची सु. १४ मिमी. होते. म्हणजे पाठ अवघी साडेतीन मिमी. वरखाली झाली, की कोन पाच अंशांनी बदलतो. मनगटाच्या सहज हालचालीत एवढा फरक कळतही नाही. शिवाय या चुकीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे परिणाम सारखे नाहीत. बारीक दगडावर पाते आधीच्यापेक्षा किंचित खाली पडले, तर दगड फक्त उताराच्या मागच्या खांद्याला लागतो व धारेपर्यंत पोहोचतच नाही. अर्धा तास घासूनही पाते होते तसेच राहते, आणि शिकाऊ माणूस दगडाला दोष देतो. उलट पाते किंचित उचलले गेले, तर धारेच्या अगदी टोकाशी एक नवा, अधिक उभा उतार पडतो. पाते चटकन कापू लागते, मात्र असे दर खेपेस होत गेले, की धार हळूहळू गोलसर होते व जाड होत जाते. अशा सुरीचे कापणे महिन्या-दोन महिन्यांत मंदावते, आणि मूळ कोन परत आणण्यासाठी भरड दगडावर बरेच पोलाद खर्ची घालावे लागते. कोन सांभाळणारा कारागीर दर खेपेस जेवढे पोलाद घालवितो त्याच्या कितीतरी पट न सांभाळणारा घालवितो. हत्याराचे आयुष्य त्यावर ठरते. जेथे पोलाद महाग होते तेथे या कौशल्याला मोल का होते, हे यावरून समजते.

पाते सरळ नसते ही आणखी एक अडचण. टोकाकडे धार वळत जाते व पाते निमुळते होते. तेथे मूठ तशीच धरली, तर कोन बदलतो. म्हणून टोकाकडे जाताना मूठ थोडी वर घ्यावी लागते. हे किती व कोठे, ते हाताला सरावानेच कळते.

धातूचा वापर सुरू होण्यापूर्वीच दगड दगडावर घासून धार काढण्याची विद्या माणसाला साधली होती. नवाश्मयुगातील गुळगुळीत कुऱ्हाडी याच रीतीने तयार होत. कर्नाटकात बळ्ळारीजवळ संगनकल्लू–कुपगल येथील टेकड्यांवर डोलेराइटाच्या कुऱ्हाडी घडविण्याच्या जागा सापडल्या असून तेथील खडकांवर त्या घासून पडलेल्या खोबणी आजही दिसतात. अशा कुऱ्हाडीची धार दोन्ही अंगांनी फुगीर असते. तिला सपाट उतार नाही, त्यामुळे नेमक्या कोनाचा प्रश्नही नाही. ब्राँझ व पुढे लोखंड यांची पातळ पाती आल्यावर तो प्रश्न उभा राहिला. पात्याबरोबर लहानसा दगड बाळगण्याची चाल धातुयुगात दूरवर पसरलेली होती, आणि भोक पाडून दोरीने अडकविण्याजोगे दगड अनेक उत्खननांत मिळतात.

दगडांविषयी तपशीलवार प्राचीन लेखी माहिती रोमन लेखक थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने आपल्या निसर्गेतिहासाच्या छत्तिसाव्या खंडात दिली आहे. त्याने दगडांची वर्गवारी खनिजांवरून न करता त्यांवर काय ओतावे लागते यावरून केली. क्रीट बेटाचा व लॅकोनियाचा दगड तेलाचा. नॅक्सॉसचा व आर्मेनियाचा पाण्याचा. सिलिशियाचा दोहोंनी चालणारा. आणि न्हाव्यांच्या दुकानात वापरला जाणारा स्पेनचा एक मऊ दगड थुंकीचा. ही वर्गवारी वाटते तितकी भाबडी नाही. तेल किंवा पाणी हे घासून निघालेली धातूची पूड वाहून नेते व दगडाची छिद्रे बुजू देत नाही. मऊ दगड पाण्याबरोबर आपले कण सोडतो, नवे कण उघडे पडतात व तो लवकर कापतो; पण तितक्याच लवकर मध्यभागी खोलगट होतो. कठीण दगड सपाट राहतो, पण सावकाश कापतो. वेगाने कापणारा दगड कोन बिघडवितो व कोन राखणारा दगड वेळ खातो, ही ओढाताण प्लिनीच्या काळापासून आजतागायत चालू आहे.

मध्ययुगीन यूरोपात चांगल्या निसण्यांचा व्यापार दूरवर चाले. नॉर्वेतील टेलेमार्क भागात आइड्सबॉर्ग येथे मिळणाऱ्या बारीक कणांच्या सुभाजा खडकाचे निसणे व्हायकिंग काळापासून उत्तर यूरोपभर जात. क्लोस्टा येथे सापडलेल्या त्या काळच्या व्यापारी जहाजाच्या अवशेषांत निसण्यांचा माल मिळाला आहे. इंग्लंडमध्ये सटन हू येथील सातव्या शतकातील राजदफनात १९३९ साली मानवी मुखे कोरलेला एक मोठा निसणा सापडला. त्यावर कधी पाते घासले गेल्याचे दिसत नाही, तो राजचिन्हासारखा बाळगलेला असावा. बेल्जियमच्या आर्डेन भागातील पिवळसर कॉटिक्यूल दगडात गार्नेटाचे सूक्ष्म कण असतात. कणांचा आकार गोलसर असल्याने ते खोल ओरखडे पाडत नाहीत, म्हणून वस्तऱ्यांसाठी या दगडाची ख्याती झाली. पिवळा थर पातळ असल्याने तो पाटीच्या दगडावर चिकटवून विकत. अमेरिकेतील वॉशिटॉ पर्वतात मिळणारा नोव्हॅक्युलाइट हा जवळजवळ शुद्ध सिलिकेचा दगड एकोणिसाव्या शतकात आर्कॅन्सॉ दगड म्हणून प्रसिद्धी पावला. तो तेलावर चालतो व फार सावकाश झिजतो. चार्ल्स होल्ट्‌झॅप्फेल यांच्या यंत्रकामावरील ग्रंथाच्या १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात तुर्की, आर्कॅन्सॉ, चार्नवुड व नॉर्वे येथील दगडांचे गुणदोष तपशिलाने नोंदलेले आहेत.

हाताने फिरविण्याचे साणेचे चाक यूरोपात नवव्या शतकात माहीत होते. सु. ८२०–३० मधील उट्रेक्ट स्तोत्रसंहितेतील एका चित्रात दांडीने फिरविलेले असे चाक दिसते, आणि त्याच चित्रात दुसरीकडे जुन्या पद्धतीने लांब निसण्यावर तलवार घासणारा माणूसही आहे. चाकाने धातू झिजविण्याचा वेग वाढला, पण कोन पूर्णपणे हातावर अवलंबून राहिला. किंबहुना तो अधिकच अवघड झाला, कारण चाक गोल असल्याने पाते परिघावर किंचित वर किंवा खाली टेकले तरी कोन बदलतो, आणि चाक झिजून लहान होत जाते तसतशी टेकण्याची जागाही बदलावी लागते. मोठ्या उद्योगकेंद्रांतील कारागिरांनी यावर काढलेला तोडगा शरीराचा होता. फ्रान्समधील त्येर येथील धारकरी चाकाच्या वर आडव्या फळीवर पालथे झोपून काम करीत. छाती फळीवर टेकलेली, कोपरे स्थिर, आणि खाली चाकावर दोन्ही हातांनी दाबलेले पाते. नदीच्या थंड पाण्याजवळ दिवसभर असे पडून राहावे लागे म्हणून ते पायांवर कुत्रा झोपवीत. उडणाऱ्या पिवळ्या गाळामुळे त्यांना ‘पिवळ्या पोटाचे’ असे नाव पडले. इंग्लंडमधील शेफील्डचा धारकरी चाकामागे घोड्याच्या खोगिरासारख्या लाकडी बैठकीवर दोन्हीकडे पाय टाकून बसे व गुडघ्यांचा आधार कोपरांना देई. दोन्ही ठिकाणी उद्देश एकच होता. मनगट मोकळे न ठेवता हाताला धडाचा आधार देणे व हालचाल एकाच दिशेने होऊ देणे.

या स्थैर्याची किंमत भारी पडली. तोंड चाकाच्या इतके जवळ, की वालुकाश्माची धूळ थेट फुप्फुसांत जाई. शेफील्डमध्ये धारकऱ्यांच्या दम्याचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच वैद्यांनी केले होते. काटे घासणाऱ्यांचे काम कोरडे चाले, म्हणून त्यांची अवस्था सर्वांत वाईट होती व त्यांतील अनेकजण तरुणपणीच मरत. या रोगास पुढे सिलिकोसिस हे नाव मिळाले. विसाव्या शतकात वालुकाश्माच्या चाकांची जागा कृत्रिम अपघर्षकांच्या चाकांनी घेतली व धूळ ओढून नेणारी साधने आली, तेव्हा हे प्रमाण घटले.

सुतारकामात कोनाचा विचार अधिक काटेकोर झाला, कारण तेथे हत्याराचा उतार सपाट असतो व लाकडाची जात बदलली की कोनही बदलावा लागतो. जोसेफ मॉक्सन (१६२७–९१) हा लंडनचा मुद्रक, नकाशाकार व उपकरणे बनविणारा. हस्तव्यवसायांवरील त्याची पुस्तकमाला १६७७ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तीत त्याने रंध्याचे पाते साणेवर घासून नंतर सपाट दगडावर कसे आणावे हे सांगितले आहे. मऊ लाकडासाठी सु. १२° व कठीण लाकडासाठी सु. १८° उतार त्याने सुचविला. जितका कोन लहान तितके कापणे स्वच्छ, आणि जितका मोठा तितकी धार टिकाऊ, हे तत्त्व त्याने स्पष्ट मांडले. पुढेमागे सरकविताना हात वर चढू किंवा खाली दबू देऊ नये, असेही तो बजावतो. मॉक्सनने दिलेले कोन आजच्या सुताराला फारच लहान वाटतील. आज पटाशी साधारणपणे २५° वर घासून धार ३०° वर आणतात.

या २५° व ३०° च्या जोडीत एक युक्ती दडलेली आहे. भरड दगडावर संपूर्ण उतार २५° वर घासायचा आणि बारीक दगडावर तेवढाच कोन राखण्याचा अट्टहास सोडून, हात मुद्दाम चार-पाच अंश उचलून, फक्त टोकाशी एक अरुंद पट्टी घासायची. बारीक दगडाला थोडाच धातू काढावा लागतो, आणि चुकीचा धोका ज्या बाजूला कमी त्याच बाजूला जाणूनबुजून चूक केलेली असते. दुसरी युक्ती चाकाने दिली. गोल चाकावर घासलेला उतार किंचित अंतर्वक्र होतो. २०० मिमी. व्यासाच्या चाकावर ८ मिमी. रुंदीच्या उताराला पडणारी खोली ०·०८ मिमी. इतकीच असते, पण सपाट दगडावर ठेवले असता असे पाते टाचेवर व टोकावर अशा दोनच रेषांवर टेकते. त्यामुळे हाताला ‘बसल्याची’ जाणीव होते आणि किती दगड बदलले तरी कोन तोच राहतो. कोणतेही साधन न वापरता निरनिराळ्या दगडांवर एकच कोन राखण्याच्या ज्या रीती कारागिरांना सापडल्या, त्यांत ही बहुधा सर्वांत किफायतशीर होय.

दगड सपाट नसेल, तर मात्र या दोन्ही युक्त्या फसतात. २०० मिमी. लांबीचा दगड मधोमध १ मिमी. खोल झाला, तर त्याच्या टोकांशी पृष्ठभाग सु. १° ने कललेला असतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाते नेताना हात अगदी स्थिर असला तरी कोन दोन अंशांहून अधिक बदलतो. म्हणून दगड वरचेवर सपाट करावे लागतात. दोनच दगड एकमेकांवर घासले, तर एक खोलगट व दुसरा फुगीर होऊनही ते परस्परांस तंतोतंत बसू शकतात. तीन दगड आळीपाळीने जोडीजोडीने घासले, तरच तिन्ही सपाट होतात. धातूच्या पृष्ठपट्टांबाबत हेच तत्त्व जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये मांडले व त्यावर नेमकेपणाच्या यंत्रकामाचा पाया घातला गेला.

वस्तऱ्यामध्ये कोन पात्यातच बांधलेला असतो. उघड्या वस्तऱ्याची पाठ जाड असून पाते दगडावर ठेवताना पाठ व धार दोन्ही एकदम टेकवितात. पाठ ५ मिमी. जाड व पाते १८ मिमी. रुंद असेल, तर धारेचा एकूण कोन सु. १६° येतो; न्हाव्याला तो मोजावा किंवा आठवावा लागत नाही. शिवाय धारेबरोबर पाठही दगडावर झिजते, त्यामुळे रुंदी घटली तरी जाडीही घटते व वर्षानुवर्षे कोन जवळजवळ कायम राहतो. झां-झाक पेरे या फ्रेंच धारकऱ्याने १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करण्याची विद्या शिकविणारे पुस्तक लिहिले, तेव्हा सर्व प्रकारचे निसणे ओळखण्याची व चामड्याचे पट्टे तयार करण्याची रीतही त्याने त्यात घातली व पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकात तसा उल्लेख केला. दगडानंतर वस्तरा चामड्यावर ओढतात. येथे धार पुढे न ठेवता मागे ठेवतात, नाहीतर ती चामड्यात रुतते. चामडे सैल असेल, तर ते धारेभोवती वळते व दगडावर राखलेला कोन शेवटच्या पायरीला गोल होतो. म्हणून पट्टा ताणून धरणे हा या कामाचा अर्धा भाग आहे. पुढे किंग कॅम्प जिलेट यांनी एकदा वापरून टाकून देण्याच्या पातळ पात्यांचा वस्तरा १९०३ मध्ये बाजारात आणला. त्यांचे सहकारी विल्यम निकर्सन यांनी अशा पातळ पट्टीला धार लावणारी यंत्रे सिद्ध केली. कोन राखण्याचे काम घरातून व न्हाव्याच्या हातातून कारखान्यात गेले, आणि दगड पारखण्याची विद्या एका मोठ्या वर्गाला अनावश्यक झाली.

दगडांच्या क्रमाचा सर्वांत सूक्ष्म विचार जपानमध्ये झाला. जपानी भाषेत निसण्यास ‘तोइशी’ म्हणतात व त्यांचे ‘आरातो’ (भरड), ‘नाकातो’ (मध्यम) व ‘शिआगेतो’ (अखेरचा) असे तीन वर्ग पाडतात. क्योटो शहराच्या पश्चिमेकडील नारुताकी परिसरातील खाणींचे अखेरचे दगड शतकानुशतके नावाजलेले होते. तलवारींची पारख व त्यांना जिलई देणे हा होन्नामी घराण्याचा परंपरागत व्यवसाय होता. चित्रकार, कुंभकार व सुलेखनकार म्हणून कीर्ती पावलेला होन्नामी कोएत्सू (१५५८–१६३७) हा याच घराण्यातला. तलवारीला जिलई देणारा कारागीर ठेंगण्या बैठकीवर बसतो, दगड ओल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवतो व एका पायाने दाबलेल्या लाकडी दांडीने तो घट्ट धरतो. दोन्ही हात मोकळे राहून फक्त पाते सांभाळतात. तलवारीची कड सपाट उताराची नसून किंचित फुगीर असते. त्यामुळे येथे एकच कोन राखायचा नसतो, तर फुगीरपणाची एकच रेषा राखायची असते, आणि म्हणून दगडही मुद्दाम वरून बहिर्वक्र घासलेले असतात. प्रत्येक पुढच्या दगडावर घासण्याची दिशा बदलतात. आडव्या ओरखड्यांवर तिरपे, त्यांवर उभे. आधीच्या दगडाचा एखादा ओरखडा शिल्लक राहिला, तर तो निराळ्या दिशेमुळे लगेच दिसतो, आणि कोठे कोन चुकला हे पात्यावरच लिहिलेले असते. मोजमापाची साधने नसताना कोन तपासण्याची यापेक्षा चांगली रीत क्वचितच आढळेल. आज हौशी लोक उतारावर शाई फासून कोठली शाई पुसली जाते ते पाहतात. तत्त्व तेच आहे.

जपानी स्वयंपाकघरातील मासे कापण्याच्या सुऱ्यांत कोन पुन्हा घडणीत बांधलेला आढळतो. त्यांना एकाच बाजूने रुंद उतार असतो व दुसरी बाजू किंचित पोकळ असते. रुंद उतार दगडावर सपाट टेकविला की कोन आपोआप मिळतो. एवढा मोठा पृष्ठभाग घासणे जड जाऊ नये म्हणून पाते मऊ लोखंडाचे करून धारेपुरताच कठीण पोलादाचा थर जोडतात. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यास बंदी झाल्यावर अनेक लोहार चाकू-सुऱ्या व सुतारी हत्यारांकडे वळले.

भारताचा या इतिहासातील मोठा वाटा कुरुविंदाचा आहे. हिऱ्याखालोखाल कठीण असे हे खनिज दक्षिण भारतात पूर्वापार मिळत असून त्याचे यूरोपीय नाव येथील भाषांतील कुरुंद, कुरुविंद या शब्दांवरूनच आले. त्याची पूड लाखेत मिसळून साण बनविण्याची रीत रत्ने घासणारे व शस्त्रांना जिलई देणारे या दोघांतही होती. कणांना चिकटविणारे द्रव्य वापरून हव्या त्या भरडपणाचे चाक घडविणे ही कल्पना आधुनिक साणेच्या चाकाशी थेट जुळते. चाकाच्या आसाला चामड्याची वादी गुंडाळून ती एक माणूस ओढी व दुसरा पाते धरी. धरणाऱ्याला शक्ती लावावी लागत नसल्याने त्याचे सारे लक्ष कोनावर राही. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ मध्ये आशियातील या दगडाविषयीचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला आणि यूरोपात त्याचा शास्त्रीय अभ्यास वाढला. महाराष्ट्रात हा व्यवसाय करणाऱ्यांना शिकलगार म्हणतात; जिलई या अर्थाच्या ‘सैकल’ या अरबी शब्दावरून हे नाव आले आहे. तलवारी व कट्यारी यांची मागणी ओसरल्यावर शिकलगारांची साण घरगुती चाकू, कात्री व अडकित्ते यांच्याकडे वळली. सायकलच्या पायट्यावर चालणारी साण घेऊन गल्लोगल्ली फिरणारा धारवाला हा त्याच परंपरेचा उत्तरकालीन अवतार होय.

कुरुविंदाच्या नावाचे पडसाद कृत्रिम अपघर्षकातही उमटले. अमेरिकन संशोधक एडवर्ड ॲचिसन यांना १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइडाचे स्फटिक मिळाले. ते कार्बन व कोरंडम (कुरुविंद) यांचे संयुग असावे या समजुतीने त्यांनी त्यास कार्बोरंडम हे नाव दिले. समजूत चुकीची होती, नाव मात्र टिकले. १८९७ मध्ये चार्ल्स जेकब्ज यांनी बॉक्साइट वितळवून ॲल्युमिनियम ऑक्साइड तयार केले, आणि १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला. यामुळे कणांचा आकार एकसारखा असलेले दगड स्वस्तात मिळू लागले व त्यांना क्रमांक देण्याची पद्धत रुळली. मात्र क्रमांकांची मानके देशोदेशी निराळी आहेत. यूरोपीय अपघर्षक कागदावरील १००० क्रमांकाचा कण सु. १८ मायक्रोमीटरचा, तर जपानी दगडावरील त्याच क्रमांकाचा त्याहून बराच लहान असतो. निकेलाने पोलादी पत्र्यावर बसविलेल्या हिऱ्याच्या कणांचा दगड दीर्घकाळ सपाट राहतो, ही त्याची खरी सुधारणा म्हणावी लागेल. वेग हा दुय्यम लाभ.

विसाव्या शतकात कोन धरून ठेवणारी साधनेही पुष्कळ निघाली. दगडावर फिरणाऱ्या लहान रुळाला पटाशी बांधण्याच्या साधनात दगडाच्या जाडीने फरक पडत नाही, कारण रूळ दगडावरच चालतो. चाकू स्थिर धरून दांडीला लावलेला दगड त्यावर फिरविण्याच्या साधनात मात्र पडतो. दांडीचा आधारबिंदू धारेपासून २०० मिमी. अंतरावर असेल व पुढचा दगड आधीच्यापेक्षा ६ मिमी. जाड असेल, तर कोन सु. पावणेदोन अंशांनी बदलतो. म्हणजे कोन पक्का करण्यासाठी घेतलेले साधनच दगड बदलताच कोन बदलते. विकत घेणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच हे लक्षात येते. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतील धातुवैज्ञानिक जॉन व्हर्होव्हेन यांनी २००४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अनेक रीतींनी लावलेल्या धारा तपासल्या. उत्तम धारेची रुंदी सु. अर्धा मायक्रोमीटर भरते. नुसत्या चामड्यावर ओढल्याने फारसा फरक पडत नाही, पण त्यावर क्रोमियम ऑक्साइड लावले असता धारेच्या कडेला उभी राहिलेली धातूची बारीक लव निघून जाते, असे त्यांना आढळले.

सर्वच हत्यारांना एवढी बारीक धार लागत नाही. महाराष्ट्रातील विळीचे पाते पाटाला जोडलेले व जागेवर स्थिर असते. तेथे दगड हातात घेऊन पात्यावर फिरवितात, म्हणजे निसण्याच्या नेहमीच्या रीतीच्या नेमके उलट. पात्याचा वाक आतल्या बाजूस असल्याने त्यासाठी सपाट रुंद दगड चालत नाही, अरुंद किंवा गोल कडेचा लागतो. ऊसतोडणीचा कोयता कांड्याच्या बुंध्याशी, मातीत व खड्यांत चालतो. त्याची धार मुद्दाम जाड कोनाची ठेवतात व ती शेतातच कानशीने किंवा दगडाने पुन्हा लावतात. या कामगारांत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात, आणि मुकादमाची उचल दर कोयत्यामागे ठरते. दिवसाची तोड टनांवर मोजली जात असल्याने बोथट कोयत्याचा तोटा त्याच संध्याकाळी हिशेबात दिसतो.